दादरच्या कपड्यांच्या दुकानातून आलेल्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरबद्दल तुमच्या तक्रारी अशा: स्क्रीन जुनाट, माउस चालत नाही, मराठी बिल रखडत निघतं, सेलच्या मालावर जीएसटी चुकतो. शेवटची सगळ्यात गंभीर, म्हणून आधी ती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग नगाला १८ टक्के जीएसटी आहे. २,८०० चा कुर्ता सूट देऊन २,४०० ला गेला तर ५ टक्केच लागायला हवा. आमच्याकडे टॅक्स मालाच्या कोडला बांधलेला, त्यामुळे १८ च लागतो. हे सॉफ्टवेअर मुळात किराणा दुकानांसाठीचं, आणि किराण्यात हे चालून जातं. साबण स्वस्त विकला म्हणून त्याचा दर बदलत नाही. एका कुर्त्याचे दोन कोड करा, हा आमच्या सपोर्टवाल्याने सुचवलेला तोडगा विसरा, स्टॉक दोन जागी फुटतो.

माउस मात्र आम्ही मुद्दाम टाळलाय. बारकोड स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच: १३ आकडे टाइप करतो, वर एन्टर मारतो. कर्सर चुकून नगाच्या चौकटीत गेला की ८९० ने सुरू होणारा तो आकडा नग म्हणून बसतो, म्हणजे आठ लाख कोटींहून जास्त बिस्किटपुडे! म्हणून कर्सर दर वेळी आपोआप बारकोडवर परततो. संध्याकाळच्या गर्दीत किराणावाल्याला हेच हवं असतं.

मराठी बिलाचं कारण प्रिंटरमध्ये आहे. इंग्रजी अक्षरं त्याच्या मेमरीत असतात, ५८ मिमी कागदावरची ओळ ३२ बाइटमध्ये जाते. देवनागरी ओळ चित्र करून पाठवावी लागते, ३८४ ठिपके रुंद, ३२ उंच, म्हणजे दीड हजार बाइट. ब्लूटूथवर ते जाणवतं. यूएसबी केबल लावा, आणि दुकानाचं नाव-पत्ता लोगो म्हणून प्रिंटरमध्येच साठवा.

तरीही तुम्हाला हे सॉफ्टवेअर विकायला नको होतं. साइज-रंगाचा तक्ताही त्यात नाही. चूक आमची, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करतो. त्याआधी रिपोर्टमधून मालाची यादी आणि सगळी बिलं एक्सेलमध्ये काढा, पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मगच अनइन्स्टॉल करा.