घाम गाळला म्हणून गोळी सोडायची नसते

‘आपल्या वडिलांच्या पिढीत डिप्रेशन नव्हतं, कारण ती मैदानावर वाढली. रोज तासभर खेळणाऱ्या पुरुषाला मनाचा आजार शिवत नाही. व्यायाम गोळ्यांपेक्षा भारी, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. गोळ्या फेका, बॅट उचला!’

हा मेसेज आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर चार वेळा येऊन गेला. मी वर्षानुवर्षं दर रविवारी टेनिस बॉल क्रिकेट खेळतो आणि वाईट दिवसांत या खेळानेच मला सावरलंय. तरीही हा मेसेज पुढे पाठवू नका, असं मी हात जोडून सांगतो.

आधी ते ‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ बघू. ड्यूक विद्यापीठातला १९९९ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले, नैराश्य असलेले १५६ जण होते. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला गोळ्या, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे व्यायाम गोळ्यांच्या तोडीस तोड ठरला, वरचढ नव्हे. उलट सुरुवातीला सगळ्यांत लवकर आराम पडला तो नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना. शिवाय तो व्यायाम आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली करवून घेतला जात होता.

वडिलांच्या पिढीत आजार होताच, फक्त त्याला नाव नव्हतं. ‘बाटलीच्या नादी लागला’, ‘तिरसट झालाय’ एवढं बोलून लोक मोकळे व्हायचे.

आणि खेळणाऱ्याला आजार शिवत नाही? विराट कोहलीपेक्षा जास्त घाम कुणी गाळायचा? २०२२च्या आशिया कपच्या वेळी त्यानेच सांगितलं, की दहा वर्षांत पहिल्यांदा महिनाभर बॅटला हात लावला नाही. मन थकलं होतं आणि मैदानावरचा जोश उसना आणलेला होता.

मग खेळाने होतं काय? झोप सुधारते, मूड हलका होतो, हे खरंच. पण माझ्या मते पुरुषांसाठी मोठी गोष्ट वेगळी आहे. समोरासमोर बसून ‘मला त्रास होतोय’ म्हणणं आम्हाला जमत नाही. मॅचनंतर किट भरताना, खाली बघत, स्टंप गोणपाटात गुंडाळता गुंडाळता ते तोंडातून निघतं.

आमचा एक ओपनर सलग तीन रविवार आला नाही. आम्ही ‘आळशी झालाय’ म्हणत राहिलो. चौथ्या रविवारी दोघं घरी गेलो, तेव्हा कळलं की तो मेसेज वाचून त्याने डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या होत्या. तो मेसेज ग्रुपवर मीच टाकला होता, न वाचता.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत दहातले सात पुरुष. तुमच्या टीममधला कुणी गप्प झाला असेल तर त्याच्या घरी जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आमचा ओपनर परत येतो आता. गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्यात, आणि पहिला बॉल अजूनही तोच खेळतो.