शेरखानचं काय चुकलं?

शेरखानचं, म्हणजे 'जंगल बुक'मधल्या त्या वाघाचं, नेमकं काय चुकलं होतं, हे या वयात मला कुणीतरी नीट समजावून सांगावं. माणसाचं पोर, मोगली, त्याच्या तावडीतून निसटलं आणि लांडग्यांच्या गुहेत शिरलं. हा दाराशी आला, म्हणाला, माझं आहे, द्या. लांडगे म्हणाले, देत नाही. मग पुढची कित्येक वर्षं तो बापडा आपलं थकलेलं येणं मागत रानभर हिंडतोय, आणि वाईट कोण? तर तोच. ज्यांनी नातेवाइकांना हातउसने पैसे दिलेत त्यांना विचारा, खलनायक कोण ते.

१९९३ साली रविवारी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं तेव्हा असलं काही डोक्यात यायचं नाही. नाना पाटेकरांच्या आवाजात शेरखान गुरगुरला की मी थेट आईच्या पदराआड. परवा तोच आवाज ऐकला आणि वाटलं, घसा किती बसलाय याचा, कुणी हळदीचं दूध तरी द्या.

मालिका परत काढली ती मुलासाठी, असं मी घरात जाहीर केलं होतं. मुलाने काही मागितलं नव्हतं. पण आपल्या लहानपणीचं जे जे उत्तम ते ते मुलांच्या गळी उतरवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. ती मिळेना, हा पहिला ताप. इंटरनेटवर मिळाली ती कुणाकुणाच्या कृपेने चढवलेली. एका ठिकाणी चित्र उलटं, म्हणजे मोगली डावखुरा झालेला. दुसरीकडे आवाज इतका पळवलेला की लांडग्यांचा म्होरक्या अकेला चिमणीसारखा चिवचिवत होता. पहिल्या भागानंतर थेट नववा. आणि ऐन लढाईत, शेरखान झेप घेणार तोच गृहकर्जाची जाहिरात.

शेवटी एक बरी प्रत सापडली. सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या, त्यांनाही नाइलाजाने बघावं लागलं. शीर्षकगीत सुरू झालं. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचं संगीत, आणि ते चड्डी घालून उमललेलं फूल. माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी विचारलं, "चड्डी शिवली कोणं?"

मी म्हटलं, कार्टून आहे.

"ते दिसते मले. पण पोरगं वाढून राहिलं ना? दर सहा महिन्यांनी लहान होत असंन."

झालं. त्यानंतर मला मालिकेत दुसरं काही दिसेना. चड्डी शिवली कोणी, अंघोळ कोण घालतं, पावसाळ्यात सर्दी झाली तर काय, विंचू चावला तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं. लहानपणी मी मोगलीबरोबर वेलीला लटकत होते. आता मी खाली उभी राहून 'पडशील रे!' म्हणतेय. साहस म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाला लागलेला घोर, हे आई झाल्यावर कळतं आणि मग साहसकथांची पार वाट लागते.

त्यात मुलगा शंकेखोर. मोगली जिवाच्या आकांताने धावत होता. हा म्हणाला, "आई, हा एकाच झाडाजवळून काहून पळून राहिला?" खरंच तेच झाड. तीच फांदी, तीच वेल, तिसऱ्यांदा. मी त्याला सांगितलं की ही जपानमध्ये १९८९ साली बनली, बावन्न भाग, दर आठवड्याला एक. सेकंदाला चोवीस चौकटी लागतात, म्हणून एकेक चित्र दोनदोन-तीनतीन चौकटी तसंच धरून ठेवायचं आणि मागचं रान गोल फिरवत राहायचं. तेवढीच बचत. सासूबाईंनी मान डोलावली. काटकसर त्यांना कुठल्याही देशातली पटते.

जपानी लोकांनी काटकसर चित्रांत केली, प्राण्यांत नाही. आमच्या रानात त्यांनी लाल पांडा आणून सोडलाय. लाल पांडा हिमालयात राहतो, बांबू खातो. तो मध्य प्रदेशातल्या सिवनीला, मोगलीच्या रानात, उतरला कसा? मोगलीच्या हातात तर चक्क बूमरँग. ऑस्ट्रेलियाचं हत्यार वैनगंगेच्या काठी! आणि ही वैनगंगा म्हणजे माझ्या माहेरची, भंडाऱ्याची नदी. तिच्या वरच्या अंगाला, सिवनीकडच्या डोंगरांत मोगलीचं घर. नागपूरहून जबलपूर रोडला लागलं की दुपारच्या जेवणाला आपण मोगलीच्या गावात. लहानपणी मला हे कुणी सांगितलंच नाही. मी समजत होते, हे जंगल दूरदर्शनच्या मालकीचं आहे. आता त्या रस्त्याला पेंचजवळ जनावरांसाठी खालून वाट काढली आहे. वरून ट्रक जातात, खालून शेरखान.

मूळ गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगला तरी दोष कसा द्यायचा? जन्म मुंबईचा, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारातला, पण हे रान त्याने लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून.

मला खरी काळजी वाटते ती शेरखानच्या जेवणाची. वाघाला आठवड्याला एखादं चितळ-सांबर तरी लागतं, वर्षाकाठी पन्नासेक. हा गडी मी पाहिलेल्या भागांत नुसता बोलतोय. शिकारीआधी भाषण. शिकार निसटली की पुन्हा भाषण. बरोबर तो तबाकी, 'वा मालक' म्हणायला. असा एक तबाकी आमच्या ऑफिसातही आहे, त्यामुळे साहेब उपाशी का राहतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

एवढं होईपर्यंत मुलगा उठून खेळायला गेला. मालिका त्याच्यासाठी होती, ती आता आम्ही दोघी बघत होतो. सासूबाईंची गवार संपली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मंग मोठा झाल्यावर काय करते हा पोरगा?"

मला ते वाचून ठाऊक होतं. किपलिंगने मोठ्या मोगलीची गोष्ट मुलांच्या पुस्तकाच्या आधीच, १८९३ मध्ये लिहून ठेवली होती. मी म्हटलं, "वनखात्यात लागतो. वनरक्षक."

"सरकारी?" त्यांनी टोपली बाजूला ठेवली.

"सरकारी. जर्मन साहेब स्वतः नोकरी देतो. लग्न होतं, मूलही होतं."

"पोरगी कोणाची?"

"दुसऱ्या साहेबाच्या खानसाम्याची. मुसलमानाची आहे."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. रविवारच्या त्या सगळ्या साहसांचं वजन त्यांनी मनातल्या मनात करून पाहिलं असावं. मग म्हणाल्या, "पेन्शन हाये का?"

"आहे. गोष्टीत तसं स्पष्ट लिहिलंय."

"मंग ठीक आहे."

आमचे हे राज्य सरकारी नोकरीत, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनला मुकलेले. इतका वेळ मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून पडद्यावरच्या त्या अर्ध्या चड्डीतल्या पोराकडे पाहिलं.

"१८९३ म्हणजे जुनीच असणार," ते म्हणाले.