वेल्डिंग का सोडलंत?

नोकरीच्या मुलाखतीला उमेदवाराने कसं जावं, याची पुस्तकं ढिगाने मिळतात. बूट चमकते असावेत, हस्तांदोलन घट्ट पण जीवघेणं नसावं, नजरेला नजर भिडवावी पण रोखून बघू नये, खुर्चीच्या टोकाशी बसू नये आणि पार रेलूनही बसू नये. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याने काय करावं, याबद्दल मात्र सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. माझी त्याच्याकडून फार माफक अपेक्षा असते. मी खोलीत शिरायच्या आधी त्याने माझा बायोडेटा एकदा वाचलेला असावा. अख्खा नको. नाव आणि काम एवढं कळलं तरी पुढचं मी निभावून नेते.

निभावून न्यायला सुरुवात रिसेप्शनपासूनच होते. "दहा वाजता शार्प या" असं सांगणारे स्वतः कधी उगवतील हे कोणालाच ठाऊक नसतं. शार्प फक्त उमेदवाराने असायचं असतं. तोवर वेळ जावा म्हणून एक फॉर्म हातात देतात. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, त्यामुळे सगळ्या ओळी एका अंगाला कललेल्या. बायोडेटात जे जे लिहून पाठवलंय ते ते इथे पुन्हा हाताने लिहायचं. नाव, शिक्षण, अनुभव, आधीची नोकरी सोडण्याचं कारण. या कारणाला जागा अर्धा इंच, आणि तेवढ्यात माझा आधीचा साहेब मावत नाही. पुढे रक्तगट विचारतात. तो कशाला हवा असतो ते जॉइन झाल्यावर कळतं. तळाशी प्रतिज्ञा असते, की वरील माहिती खोटी आढळल्यास मला कोणतीही पूर्वसूचना न देता काढून टाकता येईल. जाहिरातीत "आकर्षक पगार, खेळीमेळीचं वातावरण" असं छापणाऱ्यांकडून अशी सही कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

मग आत बोलावणं येतं. साहेब फोनवर असतात. हातानेच "बसा" म्हणतात आणि फोन संपला की म्हणतात, "हं, टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ." हा प्रश्न नव्हे, ही मुदतवाढ आहे. तुम्ही बोलत असता तेवढ्या वेळात ते तुमचा बायोडेटा आयुष्यात पहिल्यांदा वाचत असतात. ओठ हलताना दिसतात.

एका साहेबांनी मात्र कमाल केली. मी अकाउंट्समधली, एन्ट्र्या, बँक रिको (म्हणजे आपल्या वह्या बँकेच्या हिशेबाशी जुळवणं), ट्रायल बॅलन्स हे माझं जग. त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसऱ्या पानावर नजर थबकली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"मॅडम, वेल्डिंगचा अनुभव चांगला आहे तुमचा."

"सर, मला वेल्डिंगचा अनुभव नाही."

"आहे. आठ वर्षं." त्यांनी पानावर बोट आपटलं. "आर्क, गॅस, शिवाय टिग."

बोटाखालचं पान दुसऱ्याच कोणाचं होतं, हे मला उलटं वाचूनही दिसत होतं. प्रिंटरमधून दोन बायोडेटा एकदम बाहेर पडले असणार आणि स्टेपल मारणाऱ्याने हाताला लागतील तशी पानं जोडली असणार. मी तसं सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच काहीतरी लपवत होते.

"ते असू द्या. वेल्डिंग का सोडलंत?"

माणसाने वाद तरी किती घालावा! "डोळ्यांना त्रास व्हायला लागला, सर," मी म्हटलं.

"हां, होतो," ते एकदम मायेने म्हणाले आणि समासात काहीतरी टिपून घेतलं. तिथून पुढे मुलाखत फार सुरळीत झाली. त्याच वेळी शेजारच्या खोलीत एका बिचाऱ्या वेल्डरला कोणीतरी घसारा कसा काढतात ते विचारत असणार, असं मला अजूनही वाटतं.

दुसऱ्याची मुलाखत आपण देण्याच्या प्रकारात जागतिक विक्रम मात्र गाय गोमा यांच्या नावावर आहे. 8 मे 2006 रोजी हा गृहस्थ बीबीसीत कॉम्प्युटर विभागातल्या नोकरीसाठी गेला होता. त्याच वेळी दुसऱ्या रिसेप्शनवर गाय क्यूनी नावाचे तज्ज्ञ टीव्हीवरच्या चर्चेसाठी येऊन बसले होते. न्यायला आलेल्याने "गाय" एवढं ऐकलं आणि भलत्याच गायला उचललं. माइक लावला, कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि निवेदिकेने थेट प्रक्षेपणात अ‍ॅपल कंपनीच्या खटल्याचा निकाल ऐकून आश्चर्य वाटलं का, असं विचारलं. गोमांचा त्या क्षणीचा चेहरा जगाने पाहिलाय. तरी गडी डगमगला नाही, हो, फारच आश्चर्य वाटलं म्हणाला आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरंही देऊन मोकळा झाला. नंतर त्याची स्वतःची, खरी मुलाखत झाली. तीत नोकरी मिळाली नाही.

मला यात काहीच नवल वाटत नाही. जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नेथनेल पीटरसन या अमेरिकन संशोधकांनी 2013 साली एक अभ्यास छापला. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घ्यायची आणि त्यांना परीक्षेत किती गुण पडतील याचा अंदाज बांधायचा. काही उत्तरं देणाऱ्यांना आधीच पढवून ठेवलं होतं, की प्रश्नाच्या अर्थाकडे बघूच नका, ठरलेल्या नियमाने वाटेल ते हो-नाही ठोकून द्या. मुलाखत घेणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. अशी वाटेल ती उत्तरं मिळालेल्यांनाही समोरचा माणूस आपल्याला छान कळला असंच वाटत होतं. त्यांचे अंदाज मात्र मुलाखत न घेता, नुसते जुने गुण बघून केलेल्या अंदाजांपेक्षा वाईट निघाले. वेल्डिंगवाल्या साहेबांना हे वाचून दाखवायची फार इच्छा आहे, पण त्यांनाही ते वाचायला वेळ नसेल.

मुलाखत घ्यायची बरी पद्धत कोणाला माहीत नाही असं नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुण कशाला द्यायचे ते आधीच ठरवलेलं. 2022 साली या विषयावरच्या जुन्या-नव्या अभ्यासांची फेरमोजणी झाली, तेव्हा माणूस पुढे काम कसं करेल हे सांगण्यात हीच पद्धत सर्वांत वर आली. पण त्यासाठी आदल्या दिवशी बसून प्रश्न काढावे लागतात. त्यापेक्षा माणूस बघितला की आपल्याला कळतं, असं म्हणणं किती सोपं! "मी दारातून येतानाच ओळखतो," असं एकाने मला अभिमानाने सांगितलं होतं. मी दारातून आत येत होते तेव्हा ते वाकून चार्जर शोधत होते.

प्रश्न काढणारेही नग असतात. थॉमस एडिसनकडे नोकरीला येणाऱ्यांना दीडशेच्या आसपास प्रश्नांचा पेपर सोडवावा लागे. फ्रान्सला लागून कोणते देश आहेत, रॉकेलची पिंपं कुठल्या लाकडाची करतात, असली भेळ. 1921 मध्ये हे प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले आणि गदारोळ उडाला. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनना पत्रकारांनी त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रश्न घातला. पुस्तकात सापडणारी गोष्ट मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचं काहीतरी सांगून ते मोकळे झाले. आइन्स्टाइन होते म्हणून खपलं. मी हेच उत्तर एका ठिकाणी देऊन पाहिलं, तर "अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम" असा शेरा मिळाला. पुढे गटाराची झाकणं गोल का आणि विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असल्या कोड्यांची लाट आली. गुगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी 2013 मध्ये कबूल केलं, की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळ दवडणं, त्यातून काही कळत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, एवढंच. तरी कोडी थांबलेली नाहीत. हुशार असल्यासारखं वाटायची गरज अजून शिल्लक असावी.

बायकांसाठी आणखी एक खास प्रश्न राखून ठेवलेला असतो. तो सरळ कोणी विचारत नाही. पेनाचं टोपण काढत-घालत विचारतात, "पुढच्या दोन-तीन वर्षांत काही... म्हणजे... घरचा प्लॅन वगैरे?" जर्मनीत गरोदरपणाबद्दल असं विचारणं गैर आहेच, वर न्यायालयांनी उमेदवार बाईला त्याचं धडधडीत खोटं उत्तर देण्याची मुभा दिली आहे. त्यापायी तिची नोकरी जात नाही. बाकीच्या जगातल्या बायका हेच काम कायद्याच्या आधाराशिवाय करतात. "घराला रंग काढायचाय," मी एकदा सांगितलं होतं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पगाराचा विषय निघाला की खोलीतली हवाच बदलते. "तुमची अपेक्षा?" मी आकडा सांगते. साहेब पेन खाली ठेवतात, खिडकीबाहेर बघतात आणि खोल आवाजात म्हणतात, "बघा, इथे पैशापेक्षा शिकायला खूप मिळेल. आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे." शिकायला मिळेल ही रक्कम कोणत्या लेजरखाली टाकायची, हे इतकी वर्षं अकाउंट्समध्ये काढूनही मला उमगलेलं नाही. आणि त्यांचा आकडा विचारला, तर तो गोपनीय. माझा जुना पगार मात्र स्लिपसकट हवा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जुलै 2018 पासून ऑफर द्यायच्या आधी जुना पगार विचारायला मनाई आहे. युरोपीय संघानेही 2023 च्या निर्देशात तीच मनाई घातली, वर पगाराचा आकडा किंवा पट्टा उमेदवाराला आधीच सांगा म्हटलं. एवढ्या साध्या गोष्टीला एवढी मोठी यंत्रणा लावावी लागली, यावरून हे आकडे किती घट्ट मुठीत धरलेले असतात त्याची कल्पना यावी.

ऑनलाइन मुलाखतीने जाण्यायेण्याचा त्रास वाचला, एवढंच तिचं सुख. एक साहेब "तुमचा कॅमेरा ऑन करा" म्हणून स्वतः कॅमेरा बंद करून गाडी चालवत होते. मी माझी पाच वर्षांची उद्दिष्टं सांगत असताना फोनमधली बाई म्हणाली, "दोनशे मीटरवर यू-टर्न घ्या." सबंध मुलाखतीत मला मिळालेला तेवढाच सल्ला.

आणि मग "छोटीशी टेस्ट". एका कंपनीत मला थेट कॉम्प्युटरपुढे बसवलं. फाइलचं नाव "फायनल नवीन खरी फायनल". बँक रिको जुळत नव्हता, फरक 54,000. आमच्या धंद्यात फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, की पहिला संशय आकड्यांच्या अदलाबदलीवर घ्यायचा असतो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातलाच येतो. 54,000 ला भाग जातो. स्टेटमेंट लावून खाली उतरत गेले, तर बँकेत 82,640 आणि यांच्या बुकात 28,640. मी बोट ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा पोरगा टुणकन उठून ओरडला, "सापडलं! सर, सापडलं!" परीक्षेचा पेपर काढणाऱ्यांना त्यातलं उत्तर सापडल्याचा एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. सरांनी त्या पोराकडे जळजळीत कटाक्ष टाकला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "गुड. अजून एक छोटीशी टेस्ट घेऊ या का?" ती गेल्या वर्षीची फाइल होती. तीही जुळवून दिली, कारण न जुळलेला हिशेब बघून मला झोप येत नाही. बाहेर पडताना सर म्हणाले, "आम्ही कळवतो."

या "आम्ही कळवतो"वर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने 1 जानेवारी 2026 पासून कायदाच लावलाय. 25 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीनंतर 45 दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायलाच हवं. मी तिकडे राहत नसल्याने माझे बरेचसे निर्णय अजून व्हायचे आहेत.

एक निर्णय मात्र परवा कळला. ईमेल आलं, की आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला, परंतु आपली पात्रता आमच्या गरजांशी जुळत नसल्याने आम्ही दिलगीर आहोत. पाठवणारी कंपनी ओळखीची वाटली. वाटणारच, कारण गेलं वर्षभर मी तिथेच कामाला आहे, आणि ईमेल वाचत होते तो कॉम्प्युटरही त्यांचाच होता. उठून एचआरच्या मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे स्क्रीन बघितला.

"सिस्टिममध्ये तुमचं स्टेटस अजून उमेदवारच दिसतंय."

"मग बदला ना."

"मला नाही बदलता येत. तुमच्या मॅनेजरचं अप्रूव्हल लागतं."

"पण आमच्या मॅनेजरची जागा तर रिकामी आहे!"

"हो ना," मॅडम म्हणाल्या, "मुलाखती चालू आहेत."