काका, सत्तरला बेल्ट?

आज सकाळी जिममध्ये एका पोराने मला हे विचारलं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. त्यातलं 'काका' आधी टोचलं, 'सत्तर' नंतर.

वजन उचलताना कमरेला बांधायचा हा पट्टा मी हौसेने घेतलाय. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत जास्तीत जास्त १० सेंटीमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड पट्टा चालतो, माझा बरोबर तेवढाच. पट्टा स्पर्धेचा, मालक घरगुती. तो कधी बांधायचा याचा जाणत्यांचा साधारण ठोकताळा असा, की एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपुढे. माझी स्क्वॉटची, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठण्याची, मजल ९० किलो. त्याचे ८० टक्के ७२. बारवर होते ७० किलो.

म्हणजे पोरगं दोन किलोंनी बरोबर होतं. राग त्याचाच आहे.

पण ते ९० गेल्या वर्षीचे! आजच्या गुडघ्यांना विचाराल तर ८५ सुद्धा मोठ्या मनाने. त्या हिशेबाने ७० म्हणजे ८२ टक्के, पट्टा अगदी कायदेशीर. हे सगळं मी त्याला सांगणार होतो. पण तेव्हा मी पोटात श्वास कोंडून, खांद्यावर बार घेऊन उभा होतो. अशा अवस्थेत माणूस फक्त डोळे वटारू शकतो. त्याला वाटलं, मी मदत मागतोय.

"काका, कमरेचं ऑपरेशन झालंय का?"

मी बार रॅकवर ठेवला. "नाही."

"मग बेल्टने कंबर कमकुवत होते हां. बेल्ट पाठ धरून ठेवतो ना."

पट्टा काही पाठ धरून ठेवत नाही रे बाबा! पोटात श्वास भरून पोट पट्ट्यावर चहूबाजूंनी दाबायचं, मग आतला दाब वाढतो आणि कणा ताठ राहतो. मेहनत पोटाचीच, पट्टा नुसती भिंत. हे बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की दम लागलाय. भिंत जरा जास्तच जवळ बांधली गेली होती.

काट्याच्या बकलाची गंमत म्हणजे, पट्टा सोडवायचा तर आधी आणखी आवळावा लागतो. मी आवळला. काटा हलेना. पोरगं बघत होतं. आणि हे सगळं शहाणपण शिकवणाऱ्या त्या पोराच्या कमरेला काय होतं? पट्टा! आत आल्यापासून बांधलेला. पाणी भरताना पट्टा, फोनवर बोलताना पट्टा, आरशासमोर १० किलोच्या डंबेलने बायसेप्स फुगवताना पट्टा. दंडाला कण्याची एवढी कसली काळजी?

बिनपट्ट्याने उचललं की "कंबर जाईल" म्हणणारे भेटतात, पट्टा बांधला की हे. दोन्हीकडून सल्ला फुकट, शिवाय न मागता. पैसे भरून मी इथे घाम गाळायला येतो की तोंडी परीक्षेला?

"काका, पोट आत घ्या ना."

"आतच आहे!"

त्याने पुढे येऊन दोन्ही हातांनी पट्टा खेचला, माझे डोळे पांढरे झाले, काटा सुटला. मी आभार मानले, मानावेच लागले. तो आरशाकडे गेला, डंबेल उचलण्याआधी स्वतःचा पट्टा एक भोक घट्ट केला आणि आरशातून मला अंगठा दाखवला.