बंदरावरची सहल कशी निवडावी

क्रूझ बुक झाल्याबद्दल अभिनंदन. कर्वे रोडवरच्या ऑफिसात समोसा खात प्री-टूर मीटिंग झाली, सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर असा कागद हातात पडला, बाल्कनीवाली केबिन घेतल्याचं सगळ्या नातेवाइकांना ‘सहज’ कळवून झालं. आता एकच काम उरलंय. जहाज बंदराला लागलं की कोणती शोअर एक्स्कर्शन, म्हणजे किनाऱ्यावरची सहल, घ्यायची ते ठरवणं. मी हे सगळं नुकतंच सोसून आलोय, उन्हाने भाजलेलं नाक अजून सोलतंय, त्यामुळे सल्ले अगदी ताजे आहेत. घ्या.

सहल नेहमी फोटो बघून निवडावी. फोटोखालचा मजकूर वाचू नये. तो वाचणाऱ्यांना ‘प्रवासाच्या वेळेसह’ असे शब्द दिसतात आणि उगाच मूड जातो. फुकेतला उतरून फांग न्गा खाडीची सहल घ्यायचं म्हणताय ना? फोटोत तो सुप्रसिद्ध सुळका आहे, को तापू, हिरव्या पाण्यातून वीसेक मीटर वर आलेला, पायथ्याशी बारीक आणि डोक्याकडे रुंद. १९७४ च्या बाँडपटात दिसल्यापासून तिथल्या बेटाचं खाओ फिंग कान हे खरं नाव कुणी घेत नाही, सगळ्यांसाठी ते जेम्स बाँड आयलंड. फोटोत काय नसतं? फुकेतच्या पातोंग किनाऱ्यापासून खाडीच्या धक्क्यापर्यंत तासाभराहून जास्त चालणारी बस. मग बोट. मग तेवढंच सगळं उलटं. आणि १९९८ पासून पर्यटकांच्या बोटींना त्या सुळक्याजवळ जायला बंदी आहे, हेही फोटोत दिसत नाही. तुम्ही मात्र जाच. बेटावरच्या शंखशिंपल्यांच्या दुकानांसमोर उभं राहून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सुळका पकडल्याचा फोटो काढा. आधी तुमचा, मग वहिनींचा, मग मुलांचा एकेक करून. मागे रांग असेल तर असू दे.

कागदावर ‘क्वालालंपूर’ छापलेलं असेल तर जहाज थेट क्वालालंपूरलाच लागतं असं धरून चाला. जहाज खरं लागतं ते पोर्ट क्लांग, तिथून क्वालालंपूरपर्यंतचे चाळीस-एक किलोमीटर कुठे गेले, ते बसमध्ये कळेलच. पेट्रोनासच्या ४५२ मीटरच्या जुळ्या मनोऱ्यांसमोर तुम्हाला पंधरा मिनिटं मिळतील. तेवढ्यात ते मोबाइलच्या फ्रेममध्ये मावत नाहीत.

सहलींपुढे सोपी, मध्यम, दमवणारी अशा खुणा असतात. त्या इतरांसाठी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना ज्यांना दोनदा कठड्यावर टेकावं लागतं, त्यांनी क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हज या गुहांमधल्या देवळाच्या २७२ पायऱ्यांची सहल अवश्य घ्यावी आणि अर्ध्यावर पोचल्यावर गाइडला विचारावं, ‘लिफ्ट नाही का?’

पेनांगला मात्र बसशिवाय पाऊल टाकू नका. जहाज लागतं त्या स्वेटनहॅम पिअरच्या गेटबाहेर जॉर्जटाउन सुरू होतं, ही बातमी सहलींच्या काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. बाहेर आलं की घड्याळाचा पांढरा मनोरा, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवासाठी बांधलेला, साठ वर्षांच्या राज्याला साठ फूट. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस, जिथे १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट उतरला. तिथून जरा चाललं की लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ चं महामरिअम्मन देऊळ, पुढे आर्मेनियन स्ट्रीटच्या भिंतीवर रंगवलेली ती सायकलवरची भावंडं. २००८ पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे आणि एवढा भाग आरामात पायी होतो. मंडईतून तुळशीबाग आणि तिथून लक्ष्मी रोड असं भर दिवाळीत पिशव्या घेऊन फिरणाऱ्यांना हे अवघड नाही. पण आमच्या ग्रुपने माणशी डॉलर मोजून ‘जॉर्जटाउन हायलाइट्स’ घेतली होती. सगळे एसी बसमध्ये बसलो. माणसं मोजली गेली. पुन्हा मोजली गेली, कारण एक आजोबा दोन्ही वेळा बाथरूममध्ये होते. मग बस निघाली, दोन-तीन वळसे घेऊन थांबली आणि गाइडने अभिमानाने उजवीकडे हात केला. घड्याळाचा मनोरा! सकाळी बाल्कनीत चहा पिताना दिसत होता तोच. मागच्या सीटवरचे एक काका म्हणाले, ‘अरे, इथेपण आहे का हा?’

पैशाचा हिशेब तर करूच नका. जहाजाची सहल माणशी पडते, टॅक्सी गाडीमागे पडते, चौघांचं कुटुंब असेल तर फरक किती होतो, असले विचार कद्रू लोक करतात. पेनांग हिलची १९२३ पासून चालणारी, तारेने वर ओढली जाणारी गाडी किंवा केक लोक सीचं देऊळ लांब आहे, तिथे चालत जाता येत नाही हे खरं. मोबाइलवरून ग्रॅब टॅक्सी बोलावली की भाडं आधीच दिसतं हेही खरं. पण भाडं आधी दिसलं की घासाघीस करता येत नाही, मग मजा ती काय?

पासपोर्ट, केबिनचं कार्ड आणि टोपी उतरायच्या रांगेत आपला नंबर आल्यावर शोधावं.

बफेतली केळी पर्समध्ये घालावीत. बंदरावर फळं उतरवायला मनाई असल्याची पाटी असेल, तर आपण पुण्याचे आहोत, पाट्या आपण लावतो, वाचत नाही.

हवामानाची चौकशी करू नये. मे ते ऑक्टोबर तिकडेही नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. पातोंगला मोठं जहाज बहुधा आत खाडीत नांगर टाकून उभं राहतं आणि माणसं छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला की टेंडर बंद, बंदर रद्द. तेव्हा पावसाळी सेलमध्ये स्वस्त मिळालेली क्रूझ घेऊन ‘आमच्यावेळी नेमका पाऊस’ असं म्हणायची तयारी ठेवा.

आता घड्याळ. सिंगापूर आणि मलेशिया भारताच्या अडीच तास पुढे, थायलंड दीड तास पुढे. जहाजाचं घड्याळ फुकेतला मागे घेतात की नाही, ते त्या-त्या जहाजावर ठरतं. आमच्या जहाजाने घेतलं नव्हतं. जहाजावर पाच वाजलेले असताना किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाच्या मोबाइलवर आपोआप चार होतात. केबिनमध्ये आदल्या रात्री टाकलेल्या पत्रकावर हे ठळक छापलेलं होतं, स्पीकरवरून सांगितलं, टेंडरच्या दारात पाटी होती. तुम्ही यातलं काहीही मनावर घेऊ नका. शक्यतो मनगटावर पुण्याचीच वेळ ठेवा, म्हणजे घरी फोन करायला सोयीचं जातं.

आणि भीती. ती मात्र भरपूर बाळगा, तिच्यावरच काउंटर चालतं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा निदान तुम्हाला पुढे पोचवायची सोय ते बघतात. स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि अडकलात तर जहाज निघून जातं, पुढच्या बंदराचं विमान तुमच्या खर्चाने. यात खोटं काही नाही. दूरवर जायचं असेल, रस्ता बेभरवशाचा असेल, तर जहाजाचीच सहल घेण्यात शहाणपण आहे. पण हीच भीती गेटबाहेरच्या मनोऱ्यासाठीही विकली जाते, त्याच भावात, आणि आपण घेतो.

आता फुकेतच्या ‘आयलंड डिस्कव्हरी’बद्दल. पत्रकात लिहिलं होतं: वाट चलाँग, जुनं फुकेत टाउन, प्रॉम्थेप केप, ‘आणि स्थानिक कारागिरीची ओळख’. ही ओळख ज्या सहलीत असेल ती डोळे मिटून घ्या. वाट चलाँगला, म्हणजे बेटावरच्या सगळ्यात महत्त्वाच्या बौद्ध मंदिराला, आम्हाला वीस मिनिटं मिळाली. त्यातली दहा बूट काढण्यात आणि शोधण्यात गेली. जुन्या गावातली ती चिनी-पोर्तुगीज धाटणीची रंगीत घरं बसच्या काचेतून दाखवली, पार्किंग नाही म्हणे. मग कारागिरी. एक अवाढव्य शोरूम, समोर बससाठी ऐसपैस पार्किंग (इथे कसं मिळालं?), दारात हात जोडून उभ्या मुली, थंडगार सरबत. आत माणिक आणि नीलम. दोन कारागीर काचेमागे बसून खडा घासतायत, ती कारागिरी. ती संपली तीन मिनिटांत. त्यानंतर हॉल, त्यानंतर आणखी हॉल, मग चांदी, मग चामडं, मग काजू, मग गाद्या. गाद्या! जहाजावरून उतरलेल्या माणसाला रबराची गादी दाखवतात! बाहेर पडायचं दार एकच आणि ते सगळ्या हॉलांच्या शेवटी. प्रत्येकामागे एक विक्रेती, तुम्ही थांबलात की थांबणार, चाललात की चालणार. माझ्यामागची बिचारी इतका वेळ होती की मी तिला माझ्या गुडघ्याबद्दल सांगितलं. दारापाशी गाइड निवांत चहा पीत बसलेला. त्याला तिथून काय मिळतं हे समजायला लक्ष्मी रोडवर दुकान असावं लागत नाही. सव्वा तास! देवळाला वीस मिनिटं आणि दुकानाला सव्वा तास, आणि हे आम्ही डॉलर देऊन विकत घेतलं. दुकानात आल्याबद्दल दुकानाने आम्हाला पैसे द्यायला हवे होते!

हे कमी होतं म्हणून की काय, ठरलेल्या वेळी बसमध्ये बत्तीस माणसं बसली आणि आठ आलीच नाहीत. आपलीच. आतून बोलण्याचा आवाज बसपर्यंत येत होता. ‘भैया, थोडा कम करो ना.’ थायलंडमध्ये. गाइड एकदा जाऊन आला. टूर लीडर जाऊन आली. मी गेलो तर एक वहिनी अंगठी बोटात घालून काकांना दाखवत होत्या आणि काका म्हणत होते, ‘पुण्यात यापेक्षा स्वस्त मिळेल.’ मग चला ना! मी म्हटलं, अहो काका, बस थांबलीय. काका हसून म्हणाले, ‘अहो, जहाजाची सहल आहे. आपल्याला टाकून जातंय थोडंच? पाच मिनिटं.’

अर्ध्या तासाने आले. हातात काय? फ्रिजवर लावायचा हत्ती.

प्रॉम्थेप केप रद्द झालं. वेळ नाही म्हणून गाइडने बस सरळ पातोंगला वळवली. बेटाचं दक्षिण टोक, जिथून समुद्र तिन्ही बाजूंनी दिसतो, ज्याच्यासाठी बसमधल्या निम्म्या लोकांनी ही सहल घेतली होती, ते या आठ जणांनी फ्रिजवरच्या हत्तीसाठी खाल्लं. आणि बसमध्ये चढताना एकाच्याही तोंडून ‘सॉरी’ नाही. उलट ‘एसी बंद का केलाय?’ असा ड्रायव्हरवर आवाज.

नाही, आता मला गोड बोलायचं नाही. तुम्ही वर्षानुवर्षं पैसे साठवता, मुलाच्या शाळेच्या सुट्ट्या जुळवता, व्हिसाच्या रांगेत उभे राहता, आणि मग सहल निवडताना पाच मिनिटं कागद वाचत नाही? काउंटरवर चार प्रश्न विचारता येतात. बसमध्ये किती वेळ, ठिकाणावर किती वेळ? दुकानाचा थांबा आहे का, आणि तो टाळता येतो का? बंदरापासून गाव किती लांब? परतायचं ते कुणाच्या घड्याळाने? उत्तर नीट मिळालं नाही तर ती सहल घेऊ नका, जहाजावर तरणतलाव आहे, त्यात पडून राहा. ग्रुपने घेतली म्हणून घ्यायची, मग ग्रुपवरच रात्री बारा वाजता रडायचं, ही कुठली पद्धत? आणि त्या कंपन्यांनाही लाज हवी. दुकानाच्या थांब्याला ‘कारागिरी’ म्हणता, मग कारागिरी दाखवा, नाहीतर सरळ ‘खरेदी, सव्वा तास’ असं लिहा. पुणेकर जातील तरीही, तुमचा धंदा बुडणार नाही.

आणि ज्यांना ‘पाच मिनिटं’ लागतात त्यांना. जहाज तुमच्यासाठी थांबतं ते कंपनीने कबूल केलंय म्हणून. बसमधल्या बत्तीस जणांनी तुम्हाला काहीही कबूल केलेलं नाही. पुढच्या वेळी तुम्ही माझ्या बसमध्ये असलात आणि वेळेवर आला नाहीत, तर मी बोलवायला आत येणार नाही. गाइडला सांगणार, ते लोक टॅक्सीने येतायत, चला.