राजापूर-जैतापूरचे जुने फोटो रंगवण्याआधी

गावाच्या ग्रुपवर सध्या एकच लाट आहे. जुना काळा-पांढरा फोटो मोबाइलमधल्या अ‍ॅपला द्यायचा, रंगीत करून घ्यायचा आणि ‘आपलं राजापूर, शंभर वर्षांपूर्वी’ म्हणून टाकायचा. लाइक भरपूर पडतात, पण फोटोत जे वाचण्यासारखं होतं ते त्यात पुसलं जातं. हे थांबायला हवं, म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे. कारण यातले बरेच फोटो आता गावात नाहीत. ते चाकरमान्यांच्या ट्रंकेतून मुंबईत आले आणि गिरगाव-लालबाग-परळच्या कपाटांत राहिले.

राजापूर आणि जैतापूर हे फोटो वेगवेगळे बघून चालत नाही. राजापूर अर्जुना नदीच्या काठी, आत. जैतापूर खाडीच्या मुखाजवळ. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार राजापुरात होती, माल अणुस्कुरा घाटाने वर जायचा. मग खाडी गाळाने भरत गेली. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की जरा मोठं जहाज राजापूरच्या जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हतं. म्हणजे दोन डोलकाठ्यांची भरलेली फत्तेमारी (मालवाहू शिडाचं जहाज) आणि खाली ‘राजापूरचा धक्का’ अशी ओळ दिसली की थांबा. तो फोटो बहुधा खाडीत खालच्या बाजूचा, जैतापूरकडचा असतो. नाहीतर राजापुरी! जंजिऱ्यासमोरचं राजापुरी हे रायगड जिल्ह्यातलं बंदर, त्याचा आपल्या राजापूरशी काही संबंध नाही. मागे पाण्यात किल्ला दिसत असेल तर शंकाच नको. जैतापूरचा फोटो असेल तर समोरच्या काठावर नाटे गावचा यशवंतगड किल्ला कुठे दिसतो का ते शोधा.

काळ ठरवायला माणसांचे कपडे फारसे उपयोगी नाहीत, धोतर-टोपी पन्नास वर्षं तशीच दिसते. छपरं बघा. नळीची कौलं की चपटी मंगळुरी? मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ च्या सुमारास निघाला, म्हणजे ती कौलं दिसली तर फोटो त्यानंतरचाच. एसटी दिसली तर १९४८ नंतरचा. दुकानाच्या पाटीवर ‘नये पैसे’ असतील तर १९५७ किंवा नंतरचा. गाडीच्या पाटीवर एमएच ०८ (रत्नागिरीचा क्रमांक) असेल तर १९८९ च्या आधीचा असूच शकत नाही. बंदरात उभारलेली शिडं आणि माल चढवण्याची गडबड असेल तर तो पावसाळा नव्हे. नारळी पौर्णिमेआधी गलबतं सहसा बाहेर पडत नसत. आणि भरती-ओहोटी विसरू नका. ओहोटीच्या वेळी काढलेल्या फोटोत उघडा पडलेला चिखल बघून ‘बंदर गाळाने मेलं’ असं लिहिणारे आहेत. सहा तासांनी तिथेच पाणी भरलेलं असतं.

आता त्या अ‍ॅपचं. डोलकाठीपासून खाली येणारे दोर त्याला ओरखडे वाटतात, ते तो पुसतो. पाटीवरची अस्पष्ट अक्षरं तो अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघा करून टाकतो. पडावात (छोट्या होडीत) बसलेल्या उतारूंचे चेहरे तीळभर असतात, तिथे तो नवे चेहरे तयार करतो. ते कुणाचे आजोबा नसतात! आगबोट खोल पाण्यात नांगर टाकायची आणि उतारू पडावातून धक्क्यावर यायचे, हे ज्या फोटोवरून पुढच्या पिढीला कळेल त्यातली माणसंच खोटी झाली तर उरलं काय? रंगवायचंच असेल तर प्रतीवर रंगवा, ‘रंगवलेली प्रत’ असं फोटोवरच लिहा आणि मूळ फोटो शेजारी द्या.

मूळ जपण्याची रीत सोपी आहे, पण मुंबईच्या हवेत चुकते. स्कॅनिंग पावसाळ्यात करू नका. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो, काचेला चिकटतो, बुरशी धरतो. दिवाळीनंतर काढा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. तसाच काचेसकट कॅमेऱ्याने टिपा: दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर आणि प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळं कापड. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने खाल्लेला थर पाण्यात विरघळतो आणि चेहराच फडक्यावर येतो.

सुटा फोटो ६०० डीपीआयला (इंचात तेवढे ठिपके) स्कॅन करा, बोटभर आकाराचा असेल तर १२०० ला. काळा-पांढरा असला तरी रंगीत मोडवर, कारण तपकिरी झाक आणि काळ्या भागांवरची चंदेरी चमक यावरून कागदाचा प्रकार आणि वय कळतं. आपोआप सुधारणा करणारे सगळे पर्याय बंद. फाइल टिफ (तपशील न गाळणारा प्रकार) ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पोस्टाची मोहोर, कुणीतरी लिहिलेलं ‘मुसाकाजी (जैतापूरच्या खाडीवरचं बंदर), बोटीवर जाताना’ हे सगळं मागेच असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो फोटो लहान करून टाकतो.

लॅमिनेशन नको, चिकट पानांचे अल्बमही नकोत. साध्या आम्लरहित कागदाच्या पाकिटात एकेक फोटो, भिंतीला न लागणाऱ्या कपाटात. बॉलपेनने मागे लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ २बी पेन्सिल घ्या. आणि लिहायचं ते असं: कुठे उभं राहून काढला, कोणत्या दिशेला तोंड करून, कोण कोण आहे डावीकडून, आणि ही माहिती कुणी, कधी दिली. खात्री नसेल त्या नावापुढे प्रश्नचिन्ह. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर फोटो मोठा करून स्क्रीनवर दाखवा आणि आधी तुम्ही नाव सुचवू नका, त्यांना बोलू द्या.

सध्या बाजारपेठेतल्या पुराचे फोटो पुष्कळ फिरतात. मला जैतापूरच्या धक्क्यावर माल उतरवणारे खलाशी आणि हमाल दिसतील असे फोटो बघायचे आहेत. कुणाकडे असतील तर खाली टाका, न रंगवता, दोन्ही बाजूंनी.