गाडी भंगारात, म्हणून दंड माफ? नाही.

‘जुनी कार भंगारात घातली की तिच्यावरचा ट्रॅफिक दंड आपोआप जातो’ असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फिरतोय. तो खोटा आहे.

दंड गाडीच्या नंबरावर पडतो आणि भरायचा असतो नोंदणीकृत मालकाने. पत्रा कापला म्हणून आरटीओतली नोंद पुसत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 55 नुसार गाडी नष्ट झाल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. त्याआधीच थकबाकी मिटवलेली बरी, नाहीतर नोंदणी रद्द करताना तीच आडवी येते.

आपल्याकडची खरी गोची वेगळीच. केए-22 (बेळगाव) किंवा केए-23 (चिक्कोडी) ची गाडी कोल्हापूर-पुण्याला जातेच, आणि तिकडचा दंड महाराष्ट्र पोलिसांचा असतो. बेळगावात चौकशी करून ‘काही नाही’ म्हणत निश्चिंत होऊ नका. परिवहनच्या ई-चलन साइटवर नंबर टाका, महाराष्ट्राची साइट वेगळी बघा, पावत्या जपून ठेवा.

गाडी द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला, तिथेच मिळतं. गल्लीतला भंगारवाला रोख देईल, पण गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहील.